डाव्या पायाचा बूट

मी डाव्या पायाचा बूट बोलतोय. निळा, वेलक्रोच्या पट्टीचा, लहान मुलीचा. उजवाही माझ्यासारखाच आहे, पण तो गप्प असतो.

अशोका गार्डनच्या एका दुकानात विक्रांतने आम्हाला घेतलं. "एक नंबर बड़ा ले जाइए, बच्ची जल्दी बढ़ेगी," दुकानदार म्हणाला. विक्रांत कारखान्यात इंजिनिअर. पुण्याहून बदली होऊन इकडे हिंदी मुलखात, अयोध्या नगर वस्तीत आलेला. घरी बायको शमिका आणि मुलगी सायली. सायलीला तिसरं वर्ष लागलं होतं आणि ती एकही शब्द बोलत नव्हती.

"बोलत नाही, पण समजतं सगळं," शमिका फोनवर सासूबाईंना सांगायची. ते खरंच वाटायचं. स्कूटीची किल्ली उचलून तिने "सायली, बूट आण" म्हटलं, की सायली धावत आम्हाला घेऊन यायची. त्या एका गोष्टीवर घर तग धरून होतं.

अरेरा कॉलनीत मंजूषाताई होत्या, स्पीच थेरपिस्ट. त्यांनी शमिकाला हात पाठीमागे घ्यायला सांगितले. "किल्ली नको, बोट नको. नजरही बुटांकडे नको. नुसतं म्हणा."

"सायली, बूट आण."

आम्ही समोरच दाराशी होतो. सायलीने मान वाकवून आईचे हात शोधले. ते दिसेनात. मग ती खाली बसली आणि फरशीवरची रेघ बोटाने गिरवत राहिली.

"ती तुमचे हात वाचते," मंजूषाताई हळूच म्हणाल्या. "ऐकू येतं, ते आपण तपासलंय. पण शब्द अजून तिच्यापर्यंत पोचलेला नाही. बोलायला लावू नका. आधी समजू दे."

"घरी हिंदीच बोलू का? दोन भाषांनी गोंधळ होतो म्हणतात सगळे."

"मराठीच बोला. तुम्हाला जी सहज येते ती. थोडं बोला, तिच्यासमोर बसून. आणि मग थांबा."

शमिका रडली नाही. तिने आम्हाला सायलीच्या पायात चढवलं, मला उजव्या आणि उजव्याला डाव्या. घरी पोचेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून बाहेर जाताना ती जमिनीवर बसायची. "बूट. सायलीचा बूट." मग थांबायची. परत, "बूट पायात." सुरुवातीला आवाजात आर्जव होतं. पुढे ते गेलं, रागही गेला. नळ टपकावा तशी ती बोलायची. विक्रांत ड्यूटीवरून आला की मला उचलून विचारायचा, "हे काय आहे? सांग ना, पिल्लू!"

"परीक्षा घेऊ नकोस तिची," शमिका म्हणायची. "नाव सांग, झालं."

थंडी गेली, कूलर बाहेर निघाले. माझा तळ झिजला.

एका रविवारी शमिका ओट्याशी पाठमोरी कणीक मळत होती. ती बोलली ते सायलीशी नव्हतं, विक्रांतशी. "अरे, दाराशी एकच बूट दिसला. दुसरा कुठे पडलाय कुणास ठाऊक."

मी दिवाणाखाली धुळीत होतो. मला आधी दोन छोटी पावलं दिसली. मग गुडघे, मग सायलीचा चेहरा. तिने हात घालून मला ओढलं आणि नेऊन आईच्या पोटरीला टेकवलं.

शमिका वळली. "तू दाखवलास तिला?"

"मी तर पेपर वाचतोय," विक्रांत म्हणाला.

शमिका होती तिथेच खाली बसली. ओरडली नाही, हसली नाही. "बूट," एवढंच म्हणाली, नेहमीच्याच सपाट आवाजात. पण माझी पट्टी तिला सोडवता येईना. कणकेची बोटं माझ्यावर उमटली.

सायली अजून बोलत नाही. पाणी, दार, चेंडू असं काही म्हटलं, की हातांकडे न बघता त्या वस्तूकडे जाते. आम्ही तिला लहान झालोय. पिशवीत आहोत, शेजारच्या सुभाषकाकांच्या नातीला जाणार आहोत.

जाण्याआधी एक सांगायचंय. बूट घालताना मुलाला बुटाचं नाव सांगा आणि थोडं थांबा. शमिका थांबायची, तेव्हा सायलीच्या चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही. पण पायाची बोटं माझ्या आत हलायची. अगदी पहिल्या आठवड्यापासून. शमिकाला ते दिसणं शक्य नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.