होय, मीच

वेल्डरनं सलूनचं दार कोपरानं ढकललं. एका हातात मोबाइल होता, दुसऱ्या तळहाताला ठिणगीचा फोड. आत मेहुणा एका जाड्या गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता. त्यानं आरशातूनच पाहिलं, मान काही वळवली नाही.

"या दाजी. दाढी की कटिंग?"

"तुझा फोन घे हातात."

"आधी नंबर लावा. बसा."

बाकावर बसेल तो वेल्डर कसला. दोघांनी मिळून ट्रकच्या गेमसाठी एक ट्रक बनवला होता. गेममध्ये असा वरून घालायचा माल, त्याला मॉड म्हणतात. चासी, पत्रा, चाकं वेल्डरची. रंग आणि हॉर्न मेहुण्याचा. कुठली कुठली माणसं तो उतरवून घ्यायची आणि वाहवा करायची. मग एके दिवशी वेल्डरनं साइटवरच्या ट्रकच्या पानावर एकट्याचंच नाव टाकलं, आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. खातं मात्र मेहुण्याच्या फोनवर काढलेलं, कारण तेव्हा वेल्डरकडे बटणांचा डबा फोन होता. कुणी नव्या जागेवरून खात्यात शिरायला गेलं की मेहुण्याच्या फोनवर विचारणा यायची: तुम्हीच आहात का? होय की नाही?

"काल कुणीतरी खात्यात घुसलं," वेल्डर म्हणाला. "पासवर्ड बदलला. आपल्या ट्रकात विष कालवून ठेवलंय. जो उतरवेल त्याचीही खाती चोरीला. लोक मला चोर म्हणतायत."

"आपल्या? आपला कधीपासून झाला?"

गिऱ्हाईक फेसातल्या फेसात खुदकन हसलं. वेल्डरनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं डोळेच मिटले.

"मी साइटवाल्यांकडे तक्रार केलीय. आता तुझ्या फोनवर विचारतील. होय दाब, खातं परत मिळेल. नाहीतर आज ते पान कायमचं पुसणार आहेत."

"पुसू दे. सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावायची खोड तुमची. भोगा."

"तुझी बहीण बोलली म्हणून पायरी चढलो, नाहीतर..."

"ताईला मधे आणू नका!" वस्तरा हवेत थांबला. "आणि किती वेळा होय म्हणायचं मी? आठवड्यात दोन-तीनदा वाजायचा हा फोन. मला खात्यातून बाहेर काढायची तुमची धडपड काय कळत नाही? दर वेळी नाही दाबलं. काल ताईचा वाढदिवस. दुकान उघडतोय तर परत वाजला. म्हटलं, मरू दे, घ्या एकदाचं. दाबलं होय. तरी तुमचं तोंड वाकडंच!"

वेल्डरनं मनात कालची वेळ ताडून पाहिली. काल सलून उघडायच्या वेळेला तो एका टँकरच्या पोटात शिरून वेल्डिंग मारत होता. घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं खातं कायम उघडंच असायचं. इतक्या महिन्यांत नव्या जागेवरून खात्याचं दार वाजवायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नव्हती.

त्यानं तळहातावरचा फोड अंगठ्यानं जोरात दाबला.

आरशाखाली फोन थरथरला.

"आला तुमचा." मेहुण्यानं फेसाळ हातानं फोन ओढला. "मीच का, विचारतोय. काय सांगू?"

"होय सांग."

त्यानं दाबलं. काचेवर फेसाचा ठिपका राहिला. वेल्डरच्या मोबाइलवर पान उघडलं. त्यानं आधी ती विषारी फाइल उडवली, मग कुठंच न वापरलेला पासवर्ड घातला. मग नावाच्या जागी आला, जरा थांबला आणि आपल्या नावाशेजारी एका बोटानं दुसरं नाव टाइप केलं.

"झालं ना? निघा आता. यांचा फेस वाळतोय."

वेल्डर दारापर्यंत गेला.

"यापुढे फोननं विचारलं तर नाहीच म्हणायचं. कितीदा का विचारेना."

"आणि तुम्ही असलात तर?"

"मी असलो तर इथं येईन. शिव्या द्यायला."

वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी थबकला. मेहुण्यानं पहिल्यांदाच आरसा सोडून मागं वळून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे दाजी, इतके दिवस विचारत होतं ते तुम्ही नव्हताच..."

"दाढी कर त्याची, कापशील कुठंतरी," वेल्डर खेकसला, आणि बाकावर जाऊन बसला. "मग माझी."