हँडल गप्प का झालं

मला लोक संशयी म्हणतात. म्हणोत. चाळीस वर्षं बैलबाजारात फिरलो. संशय घेतला नसता तर गोठ्यात सगळे लंगडे बैल उभे दिसले असते. बैल विकायचा असला की आदल्या दिवशी माणूस त्याला न्हाऊ घालतो, शिंगं घासतो, तेल लावतो. एरवी त्याच बैलाकडे ढुंकून बघत नाही. म्हणून शनिवारी सकाळी माझ्या मोटारसायकलचं हँडल थरथरेनासं झालं, तेव्हा मला संशयच आला.

गाडी बावीस वर्षांची. जरा वेग घेतला की हँडल असं थरथरायचं की आरशात मागचा एक ट्रॅक्टर दोन दिसायचा. अलीकडे ती थरथर हातांत उतरू लागली होती. सात किलोमीटरवरच्या शेतात पोचेपर्यंत बोटं बधिर व्हायची आणि नंतर अर्धा तास काही धरता यायचं नाही. घरात मी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. सून चहा घेऊन आली की "गरम शे, ठेव तठे" म्हणायचं आणि बोटं जागी होईपर्यंत बशीकडे बघत बसायचं.

लपवण्याचं कारण माझा मुलगा हेमकांत. शहाद्याला शाळेत मास्तर आहे, रोज घरून जातो-येतो. दिवाळीतच त्याने बजावलं होतं, "आप्पा, ज्या दिन तुम्हना हाते थकतीन, त्याच दिन गाडी इकी टाकसू." बोलला की करतो तो. आणि गाडी गेली म्हणजे माझं काय उरलं? केळीला पाणी बघायला जायचं तर कुणाची तरी मनधरणी, प्रकाशा गावाला जायचं तर कुणाच्या तरी मागे बसून, त्याच्या सोयीने. अडुसष्टाव्या वर्षी मला ते नको होतं. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटत होती.

तर शनिवारी रस्ता तोच, खड्डे तेच, हँडल मात्र गप्प. हातही जागे. दुसरा कुणी खूश झाला असता. मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून बघितलं. मुठींना नवीन जाड रबर. इंजिनाच्या बोल्टांवर वीस वर्षांचं तेलकट काळं बसलेलं होतं, त्यांची डोकी आता चकाकत होती. कुणीतरी पाना लावला होता.

कुणी? आणि मला न विचारता का? गुरुवारी आम्ही तिघं, मी, माझी बायको भिकुबाई आणि हेमकांत, नंदुरबारला लग्नाला गेलो होतो. गाडी घरी होती, शुक्रवारीही मी ती काढली नव्हती. घरी एकटी सून, चेतना.

तसाच फाट्यावरच्या वाहरूच्या गॅरेजवर गेलो. या गाडीला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही.

"वाहरू, मन्ही गाडीले कोनी हात लावा?"

"माले काय माहीत, आप्पा?" तो म्हणाला आणि मान खाली घालून कुणाच्या तरी चेनला तेल लावत बसला. चेन कोरडी नव्हती. तेल खाली गळत होतं.

दुपारी घरी जेवायला बसलो तर चेतना भाकरी वाढता वाढता म्हणते, "आप्पा, गाडी आज कशी चालनी?"

नऊ वर्षांत या बाईने गाडीची चौकशी केली नव्हती. आता मला सगळं लख्ख दिसायला लागलं. गिऱ्हाईक ठरलंय. नवराबायकोचं संगनमत आहे. गाडी हलते म्हणून भाव पडू नये, यासाठी शिंगं घासून ठेवली आहेत. भिकुबाईला हळूच बोललो तर सगळ्यांवरच संशय घेतो म्हणून ती मलाच बोलली, "तुम्हले ते बठ्ठास्वर शक येस," आणि ताट उचलून गेली. म्हणजे तीही सामील!

जेवण झाल्यावर शेतात गेलो, आंब्याखाली गाडी लावली आणि हँडलच्या टोकाची टोपी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली. आत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबलेल्या. तारेने ओढल्या तशा मागोमाग शिशाच्या गोळ्या रुमालात पडल्या, तापीवर मासे धरणारे जाळ्याला लावतात तसल्या. दुसऱ्या टोकातही तेच. वजन भरून थरथर दाबली होती. सगळं काढलं, पुरावा म्हणून रुमालात गाठ मारून घेतलं आणि घराकडे निघालो. हँडल पुन्हा पहिल्यासारखं थरथरत होतं, पण मी रागात होतो, गाडी जोरातच हाणली.

हेमकांत नुकताच शहाद्याहून आला होता. मी रुमाल मनगटावर अडकवून आणला होता, तो ओट्यावर टाकला. गाठ सुटली, गोळ्या घरंगळल्या.

"कोन शे गिऱ्हाईक? सांगा!"

"कोनता गिऱ्हाईक, आप्पा?" हेमकांतचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, काय नाटकी आहे!

"तुले माहीत नही? मंग तुन्ही बायकोले इचार. घरनी सून दलाल व्हई गयी."

बोललो ते वाईटच बोललो. चेतना दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, बोलू की नको अशी थांबली. पण दलाल म्हटल्यावर कोण गप्प राहील?

"गिऱ्हाईक नही, आप्पा. तुम्हना हाते सुन्न व्हतस. बशी धरता येत नही, मी रोज देखस. म्हणीसन वाहरूभाऊले घर बलाईसन हँडल भरी लिनं." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "यास्ले समजनं तर गाडी इकतीन, म्हणीसन कोणले सांगं नही. वाहरूभाऊले बी सांगू दिनं नही."

भिकुबाईने पदर तोंडाला लावला. मला त्या पोरीची माफी मागायची होती, पण हेमकांत माझ्याकडे बघत होता.

"आप्पा, कितला दिनपासून?"

"काही नही रे, थंडीमा व्हस कधी मधी..."

"चाबी द्या."

द्यायची नाही, असं ठरवूनच मी खिशात हात घातला होता. चावी तिथेच होती. ती मुठीत घट्ट धरून ठेवायची, एवढंच मला करायचं होतं. बोटं मिटेनात. मी तसाच, खिशात हात घालून, सगळ्यांसमोर उभा राहिलो. शेवटी हेमकांत जवळ आला, माझा हात हळूच बाहेर काढला आणि चावी त्यानेच काढून घेतली.