बाबांचा डावा मेंदू

शवविच्छेदनाच्या वर्गात महिनाभर एकच मेंदू हाताळल्यावर तिला वाटू लागले होते, की या अवयवाशी आपली बऱ्यापैकी ओळख झाली आहे. कापलेल्या चकत्यांत त्या माणसाच्या आयुष्याचा मागमूस नव्हता. कोणाला हाका मारल्या, कोणाशी भांडला, काही नाही. नुसते राखाडी आणि पांढरे. त्यामुळे तिला धीटपणा आला होता. बाबांचा स्कॅन घरी आला, तेव्हा फिल्म खिडकीच्या काचेला लावून तिने निकाल देऊन टाकला, "गाठ उजवीकडे आहे. बोलण्याचं केंद्र असतं डावीकडे. आवाजाला धक्का नाही."

बाबा मार्केटमध्ये लिलाव पुकारत. बोलणे गेले तर आपल्यात उरेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तो सुटला आणि ते शस्त्रक्रियेला तयार झाले. सर्जन धोके समजावू लागले, तर त्यांनाच म्हणाले, "आमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलंय. तुम्ही फक्त चाकूला धार लावा."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी सर्जनने वॉर्डातल्या दिव्याच्या चौकटीवर तीच फिल्म चढवली आणि साहाय्यकाला म्हटले, "डावी बाजू. भाषेच्या भागाला अगदी खेटून."

मागे उभी असलेली ती फिल्मजवळ गेली. टेबलावरचा मेंदू वरून पाहतात. तिथे डावे ते डावेच. स्कॅन मात्र रुग्णाच्या पायांकडून पाहावे तसा मांडतात. तिथे डावे उजवीकडे दिसते. हा नियम तिने परीक्षेत लिहिला होता, गुणही मिळवले होते. फिल्मच्या कडेचे बाजू सांगणारे अक्षर तेवढे पाहिले नव्हते.

ती खाटेशी गेली. आई सफरचंद चिरत होती.

"बाबा, माझं चुकलं. गाठ डावीकडे आहे. ऑपरेशननंतर कदाचित बोलता येणार नाही."

"अगं, डावं-उजवं पोराटोरांनाही कळतं!" आई म्हणाली.

"तू थांब गं जरा," बाबा म्हणाले. "आणि नाही केलं तर?"

"गाठ वाढेल. मग बोलणंही जाईल आणि तुम्हीही."

शेवटची बोली ऐकून थांबावे तसे बाबा थांबले. पुढे कोणी बोली लावली नाही.

"मग उद्या करूच. आज बोलून घेतो. बसा दोघी."

त्या बसल्या. ज्यांच्या तोंडाचा पट्टा आईच्या मते झोपेतही चालू असे, ते बाबा घसा खाकरून दोघींकडे पाहत राहिले.

"काय बोलू?" त्यांनी विचारले.