वारा घालणारा

अंडी कोण खातंय?

आजोबांनी बाही कोपराच्या वर सारली आणि टाकीच्या खाऱ्या पाण्यात हात घातला. जाळीत आला तो नर. मादीपेक्षा बराच लहान, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश. टाकीत आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीला चिकटलेल्या अंड्यांवरून तो तोंड फिरवायचा, मध्येच एखादं टिपायचा आणि गिळून मोकळा व्हायचा. आजोबांनी भिंगातून खात्री केली होती. जन्मभर कवळ्या बनवलेला माणूस. नजर सहसा चुकायची नाही.

त्यांनी नराला शेजारच्या रिकाम्या टाकीत सोडलं.

"स्वतःचीच पोरं खातोय. बाप्याच्या जातीला लहानांतलं काय कळतं."

"आज कळलं होय तुम्हाला," आजी म्हणाली.

आणि नात कुणाकडे राहणार?

हा प्रश्न घरात सुटलेला होता. लेक नोकरीसाठी वर्षभर परगावी निघाली होती, नातीला नुकते कुठे पाय फुटले होते. जावई घरीच बसून नकाशे काढायचा. एकट्याने पोर सांभाळणं त्याला झेपणार नाही, असं आजोबांनी ठरवून टाकलं. लेक गेली की त्याने नातीला आणून सोडायचं. ती माझ्याजवळच राहिली तर, असं त्याने फोनवर एकदा चाचरत विचारलं होतं. आजोबा "बघू" म्हणाले होते. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

मग अंडी पांढरी का पडली?

मादीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंड्यांवर कापसासारखी बुरशी चढली आणि बघता बघता सगळी कुंडी नासली. आजोबा तडक मासेवाल्याकडे गेले. तो आधी पोटभर हसला. नर खात होता ती फक्त खराब झालेली अंडी; एक नासलं की शेजारची नासतात. बाकीच्यांना तो दिवसभर परांनी वारा घालत असतो. पाणी हलतं राहिलं नाही तर ती गुदमरतात.

"काका, तुम्ही राखणदारच उचललात की."

आजोबांनी घरी येऊन नराला परत सोडलं. जोडीने पुन्हा अंडी घातली तेव्हा ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले. नर वारा घालत होता. थांबला, एक अंडं टिपलं, पुन्हा वारा घालू लागला. त्यांचा चहा निवून गेला.

बेल वाजली.

जावई आला होता. कडेवर नात, खांद्याला तिची फुगलेली पिशवी. आजीने पिशवी आत नेली. तो पोरीला मांडीवर घेऊन बसला, पिशवीतून काढून ठेवलेलं केळं सोललं. शेंड्याला काळं पडलं होतं. तेवढं त्याने दातांनी तोडून स्वतः खाल्लं आणि उरलेलं, बोलता बोलता, तिच्या मुठीत दिलं. आपण काही केलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

आजोबांच्या हातातलं भिंग खाली आलं.

जावई सांगत होता की ती झोपताना कान धरते, स्वतःचा नाही, दुसऱ्याचा, तेवढं सांभाळा. आजोबा उठून आत गेले. आत आजीने घड्या केलेली झबली कपाटात लावायला घेतली होती. त्यांनी ती तिच्या हातून घेतली, एकेक करून परत पिशवीत भरली आणि पिशवी जावयाच्या पायाशी आणून ठेवली.

"रविवारी आणत जा तिला," ते म्हणाले. "संध्याकाळी घेऊन जायचं."

जावई केळ्याचं साल हातात धरून बघत राहिला. नातीने त्याचा कान धरला होता.