पंपाचा जुना पाइप

माझ्या सुनेच्या दंडात आज जे बळ आहे ते तिचं स्वतःचं आहे, हे मी नाकारत नाही. पण ते बाहेर काढलं मी. वाळवंटातल्या आमच्या या ट्युनिशियन गावात, नफ्त्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या दिराला तर जरा जास्तच.

माझे यजमान होते तोवर आमच्या खजुरांवर तेच चढायचे. ते गेल्यावर म्हातारा सालेम चढू लागला, आणि एका हंगामात घड उतरवताना त्याची कंबर गेली. माझा मुलगा लज़हर मेतलावीला फॉस्फेटच्या खाणीत असतो, सुट्टी मिळेल त्या शुक्रवारी घरी येतो, आणि उंचावर गेलं की त्याचे पाय लटपटतात. जमिनीच्या पोटात जायला घाबरत नाही, झाडावर जायला घाबरतो. बापावर गेला नाही, एवढंच म्हणते.

चढणारा नाही म्हणजे खजूर नाही. वसंतात नराच्या झाडाचा मोहोर कापायचा आणि मादीच्या एकेका मोहोरात हातानं खोचून बांधायचा. नाही बांधला तर झाडाला नुसत्या सुरकुतलेल्या गोळ्या लागतात, शेळीसुद्धा त्या हुंगत नाही.

सालेम खाटेवर पडला आणि माझा दीर सी बशीर दारात हजर. त्याची बाग आमच्या बागेला लागून, मधे फक्त झावळ्यांचं कुंपण.

"लेल्ला शादलिया," तो मला मोठ्या आदरानं म्हणाला, "बाग माझ्याकडे सोपव. माझा माणूस चढेल. घरात खायला खजूर येत राहील, तुझी काळजी मिटेल."

"आणि बाग?"

"बाग कुठे पळून जातेय? मधलं कुंपण तेवढं काढू."

"मग चहा नीट पिऊन घे. कुंपण काढणाऱ्याला या घरात दुसरा पेला मिळत नाही."

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली विदाद म्हणाली, "मी चढेन, लेल्ला."

विदाद माझी सून. स्फाक्सची, समुद्राकाठची, लग्नाआधी तिनं खजूर पाहिला होता तो पुडक्यातला. बशीर असा हसला की चहा त्याच्या जुब्ब्यावर सांडला. खरं तर मीही हसले असते. पण तो आधी हसला, त्यामुळे मला हसता येईना.

"मोहोर फुटेल तेव्हा माझ्या नराच्या झाडाखाली ये," मी त्याला म्हटलं. "ही वर गेली नाही, तर कुंपण तू उपट, झावळ्या मी उचलते."

तो गेल्यावर विदाद म्हणाली, "लेल्ला, एवढं कशाला बोललात?"

"तू बोललीस म्हणून. आता चढ."

दुसऱ्या दिवशी ती चढली. खोडावर जुन्या झावळ्यांचे खुंट असतात, पायऱ्यांसारखे. तिथवर ती मांजरीसारखी गेली. अडलं ते वर. शेंड्याखाली पाय ठेवायला काही नाही. डोक्यावरच्या हिरव्या झावळीचं बूड दोन्ही हातांनी धरायचं आणि अख्खं अंग वर ओढायचं. हनुवटी बुडाच्या वर गेली की मग कोपर टाकता येतं, मग गुडघा. विदादनं धरलं आणि वाळत घातलेल्या बुरनूसच्या लोकरी झग्यासारखी लटकत राहिली. हनुवटी सोलून खाली आली.

"सोड म्हणायला आलात का?" तिनं मलाच विचारलं.

"हनुवटीला तेल लावायला आलेय. तोंड वर कर."

अंगणात दोन भिंतींच्या मधे आम्ही जुन्या पंपाचा लोखंडी पाइप बसवला, तिचा हात उंच केल्यावर जेमतेम पोचेल असा. ती रोज उड्या मारायची, झटके द्यायची, पाय झाडायची. पाइप करकरायचा, ती होती तिथेच. मला वाटलं, पोरीच्या अंगात काहीच नाही. समुद्राकाठची माणसं, मासे खाऊन काय बळ येणार? मी बसीसा करायला घेतला. भाजलेल्या जवाचं आणि हरभऱ्याचं पीठ, त्यात ऑलिव्हचं तेल, त्यात कुटलेला खजूर. सकाळी एक वाडगा, दुपारी एक. नको म्हणाली की मी पुढ्यात बसायचे.

बसीशानं विदाद तुकतुकीत झाली आणि पाइपाखाली अजूनच जड झाली. आधी कोपरं थोडी तरी वाकायची, आता तीही वाकेनात. आणि एका सकाळी बशीरची बायको नजिया अंड्यांची टोपली घेऊन आली.

"मबरूक, लेल्ला!" दारातूनच ओरडली. "कितवा महिना?"

"कसला महिना?"

"लपवू नका हो. सगळी गल्ली बघतेय, पोरगी भरलीय, सकाळ-दुपार बसीसा चाललाय. आता झाडाबिडाचं सोडा हं. सी बशीरही म्हणत होते, अशा दिवसांत कुठे चढायचं, बाग आम्ही बघू."

विदाद पाइपाला लटकलेली होती. तिथूनच म्हणाली, "नजियाताई, पोटात बसीसा आहे. नाव काय ठेवायचं ते लेल्लांना विचारा."

नजिया गेली, अंडी ठेवून घेतली मी. मग विहिरीशी पाणी काढायला गेले तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझ्या अंगात जोर नसता तर मी बादली अर्धी भरून ओढली असती. इथे मात्र विदादच्या अंगाची बादली मी रोज काठोकाठ भरत होते आणि तिच्या हाताला शिव्या घालत होते. त्या दिवसापासून विदादला सगळ्यांइतकंच जेवण. अंडी तेवढी तिला जास्त दिली, कारण ती नजियाची होती.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आमच्याकडे दिगलत-नूर या नाजूक जातीच्या खजुराचा घड झाडावरून कधी टाकत नाहीत. माणसं खोडावर खालीवर उभी राहतात आणि घड हातातून हातात, दमादमानं खाली येतो. यजमान सांगायचे, घड चढवून ठेवायचा असता तर कुणालाच जमला नसता. उतरवताना मात्र हात आपोआप शिकतात. हे आठवलं आणि मी चुलीपुढचं स्टूल उचलून पाइपाखाली ठेवलं.

"यावर चढ. हनुवटी पाइपाच्या वर धर. तळवे तुझ्या तोंडाकडे, झावळी धरतेस तसे. आता पाय उचल आणि उतर. घड उतरवल्यासारखी. पडायचं नाही, उतरायचं."

"पण मला वर जायचंय, लेल्ला."

"सासू मी आहे. उतर."

पहिल्यांदा ती धपकन आली. "फुटला घड," मी म्हटलं. "याचे कोण पैसे देईल?" पुन्हा चढवली. रडली, पण उतरली. हळूहळू तिचं उतरणं लांबायला लागलं. आधी माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत खाली यायची. मग अशी वेळ आली की नजियाच्या घरचं सगळं सांगून व्हायचं आणि ही अजून अर्ध्यावरच. तळव्यांवर फोड आले, त्यांवर मी मेंदी थापली आणि एक दिवस विश्रांती दिली, कारण सुजलेल्या हातानं कणीकही मळवत नाही.

मग वर जायचं. माझ्या कमरेचा लोकरीचा पट्टा सोडला, तो तिच्या काखांखालून घेतला, पाइपावरून पलीकडे टाकला आणि दुसरं टोक मी धरलं. ती ओढायची, कमी पडेल तेवढं मी ओढायचे.

"लेल्ला, तुम्हीच ओढताय सगळं."

"मग तू थोडं ओढ, मला दम लागलाय."

थंडी सरत आली तशी पट्ट्याला ओढ लागेनाशी झाली. मी टोक धरून नुसती उभी राहायचे, जपमाळ धरल्यासारखी. एका सकाळी विदाद वर गेली, हनुवटी पाइपाच्या वर ठेवूनच बोलली, "लेल्ला, पट्टा घ्या तुमचा. सबंध थंडी तुम्ही कपडे एका हातानं सावरताय, गल्लीला काय वाटत असेल."

मी पट्टा घेतला. बांधताना गाठ जरा चुकली, वारा होता अंगणात.

मोहोर फुटला. बशीर आला, सोबत नजिया, आपला चढणारा माणूस आणि अर्धी गल्ली. लज़हर आला होता. तो बायकोकडे न बघता खोडाच्या बुडाकडे बघत उभा होता. मी विदादच्या कमरेला काथ्याचा दोर बांधला.

"खाली बघू नकोस."

"तुम्ही खाली असताना कोण बघेल, लेल्ला?"

नराचं झाड आमच्या बागेत सगळ्यांत उंच. खुंटांवरून ती शेंड्याखाली पोचली. कोयत्यानं काटे तासले, कोयता कमरेला खोचला, झावळीचं बूड धरलं, तळवे तोंडाकडे. पाय सुटले. बशीर म्हणाला, "लटकली." एकाही झटक्याशिवाय, पाय न झाडता, तिची कोपरं वाकली. हनुवटी वर गेली. कोपर पडलं, गुडघा पडला, आणि माझी सून झावळ्यांत दिसेनाशी झाली.

मग वरून पहिला मोहोर आला, पांढऱ्या भुकटीनं भरलेला. नराचा मोहोर कापताना झाडाखाली जो उभा असेल त्याला एक तुरा द्यायचा आणि त्यानं तो नाकारायचा नाही, ही आमच्या बागेची रीत. सासऱ्यांनी घालून दिलेली, म्हणजे बशीरच्याच बापाची. मी एक तुरा मोडला आणि सगळ्यांसमोर त्याच्यापुढे धरला.

त्यानं तो घेतला. मिशीवर भुकटी उडाली. "झाड काही फार उंच नाही," म्हणाला.

"मग पुढच्यावर तू चढ."

वरून विदाद ओरडली, "लेल्ला, पुढचं झाड कुठलं?"

त्या वर्षी खजूर भरपूर आला. मधलं कुंपण मी नव्या झावळ्यांनी भरून घेतलं. झावळ्या विदादनंच वरून कापून टाकल्या.