उसवण्यासाठी घातलेले टाके

टाकेमास्तरांना चिडायला कारण लागत नसे, पण त्या दिवशी ते होतं. दुपारी तीन वाजता वाहतूक कार्यालयात त्यांची सुनावणी होती. गुन्हा काय, तर पट्टा न लावता गाडी चालवली. तीही कुठून कुठे? आपल्या दुकानापासून शेजारच्या गल्लीतल्या दोऱ्याच्या दुकानापर्यंत. एवढ्या अंतरात माणसाची शिंकसुद्धा पुरी होत नाही, आणि कोपऱ्यावरच्या पोलिसाने पावती फाडून हातात ठेवली. दंड भरून मोकळे व्हा, असं लेक म्हणाली होती. पण मास्तर हट्टाला पेटले. तीन आठवडे मशीन चालवता चालवता त्यांनी भाषण पाठ केलं होतं. जीव माझा, गाडी माझी, मेलो तर मी मरेन, त्यात सरकारच्या बापाचं काय जातं? त्यातला बाप ऐनवेळी गाळायचा, एवढं लेकीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

मास्तर गाड्यांची आसनं शिवत. त्यांचा टाका उसवलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. आतला फोम बसला, वरचं कातडं विरलं, गाडी भंगारात गेली, तरी शिवण जागची हलत नसे. नाव पडलं ते त्यावरूनच, आणि घर चालत होतं तेही त्या नावावर. जाहिरात कधी केली नाही. दुकानाबाहेर पाटीसुद्धा धड नव्हती.

साडेदहाच्या सुमाराला चष्मेवाले आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चष्म्यांचं दुकान, आणि बोलायला बसले की त्यांचं पाल्हाळ आवरत नसे. आज मात्र ते हळूच, एका अंगावर कलून बसले.

"मास्तर, परवा वाचलो बघा. समोर ट्रक उभा, आणि माझं लक्ष कुठे तर दुकानांच्या पाट्यांवर. धाडकन आदळलो! गाडीचं तोंड पार चेपलं. मला काय झालं? हे एवढंच." त्यांनी सदऱ्याची दोन बटणं काढली. खांद्यापासून खाली तिरपा, जांभळा वळ उमटला होता. "एक बरगडी मोडली नाही. डॉक्टर म्हणाले, घरी जा."

"नशीब तुमचं."

"नशीब खरं, पण पट्टा गेला. मेकॅनिकने काढून दिलाय. खालच्या टोकाला उसवलाय बघा. तुमच्या हातचे चार टाके घाला, म्हणजे झालं."

मास्तरांनी पिशवीतून पट्टा काढला आणि खालचं टोक पाहून त्यांना हसूच आलं. ही घडी त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. गाडीतलं आसन उचललं की पट्ट्याचं जमिनीला जखडलेलं टोक दिसतं. काही गाड्यांत तिथे पट्टा दुमडून, घडीवर आडव्या ओळी शिवलेल्या असतात, त्याही कसल्या किरकोळ दोऱ्याने! कारखान्याने केलेली कंजुषी ती. मास्तरांना असली बेगारी शिवण बघवत नसे. गाडी आसनं शिवायला आली आणि तशी घडी दिसली की ते आपल्याकडचा सर्वांत जाड दोरा घेऊन ती तिहेरी शिवून टाकत. गिऱ्हाइकाने मागितलेलं नसे. पैसे घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. काम आवडलं म्हणून केलेलं काम होतं ते.

"बघितलंत? मी म्हणत होतो ना, कारखान्याचा टाका म्हणजे नुसता देखावा," ते म्हणाले, आणि उसवलेली जागा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

मग त्यांनी बोटाने एकेक ओळ चाचपली.

पट्टा फाटला नव्हता. त्याचा एक धागाही निघाला नव्हता. तुटले होते ते फक्त टाके, आणि तेही कसे, तर ओळीने. पहिली ओळ विरळ होती, टाक्यात बोटभर अंतर ठेवून घातलेली. दुसरी जरा दाट, तिसरी त्याहून दाट. अशा दहा ओळी होत्या. सात उसवल्या होत्या आणि तीन शाबूत होत्या. चाळीस वर्षं टाके घालणाऱ्या माणसाला एवढं वाचायला चष्मा लागत नाही. हे चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी बसून, मोजून, आधी कुठली ओळ तुटावी आणि मग कुठली, हे ठरवून शिवलेलं होतं.

घडी उलगडल्यामुळे आतला भाग उघडा पडला होता. तिथे नखाएवढी पांढरी चिंधी शिवलेली होती आणि तिच्यावर दोनच शब्द छापले होते. पट्टा बदला.

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. टाके तुटल्याशिवाय ही चिंधी कुणाच्या नजरेला पडणार नव्हती. आणि टाके तुटल्यावर ती वाचायला माणूस जिवंत असणार, असं कुणीतरी धरून चाललं होतं. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी त्याने निरोप शिवून ठेवला होता.

"काय हो, होईल ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"बसा जरा."

मास्तरांनी जाड कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या. दोन्हींना घडी घातली. एकीवर आपली तिहेरी शिवण मारली, दुसरीवर किरकोळ दोऱ्याने विरळ ते दाट अशा ओळी घातल्या. फोम दाबायचा दगड पहिलीला बांधला, दुसरं टोक मुठीला गुंडाळलं, स्टुलावर चढले आणि दगड खाली सोडला. खांदा असा हिसकला की ते स्टुलावरून कोसळताना वाचले. चष्मेवाले धावले. "अहो, या वयात काय हे!"

"सरका बाजूला."

दुसऱ्यांदा दगड सोडला. टर्र, टर्र, टर्र करत एकेक ओळ सुटत गेली, आणि दगड जणू कुणी हाताने धरून खाली ठेवावा तसा थांबला. खांद्याला ओढ लागली, पण धक्का बसला नाही. मास्तर स्टुलावर तसेच उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी न तुटणारा टाका घातला होता आणि त्यालाच कसब समजत आले होते. तुटण्यासाठी टाका घालायचा, तो नेमका तेव्हाच तुटेल, आधी नाही आणि नंतर नाही, असा घालायचा, आणि आपल्या टाक्याने मोडून माणसाला वाचवायचं! कोण असेल तो कारागीर? त्याच्या पायाला हात लावावा असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले.

पुढच्याच क्षणी ते धडपडत स्टुलावरून उतरले. लेकीच्या गाडीचा पट्टा त्यांनी स्वतः शिवला होता. तिहेरी.

घरात गाडी तेवढी एकच, आणि ती घेऊन लेक घरोघरी रुग्णांना व्यायाम शिकवायला जाई, त्यामुळे दिवसभर रस्त्यावर. त्यांनी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. गाडी चालवताना ती फोन उचलत नसे, तोही नियमच होता. यावरून मास्तर तिला कायद्याची सासू म्हणत. आता ते दुकानाच्या दारात उभे राहून येणारी प्रत्येक गाडी बघू लागले. चष्मेवाले काही न विचारता शेजारी उभे राहिले, आणि त्यांच्या बाबतीत ही गोष्ट साधी नव्हती.

अडीच वाजता लेक आली. गाडी पुरती थांबायच्या आत मास्तरांनी दार उघडलं.

"बाबा, काय झालं? तेरा फोन?"

"उतर. आधी उतर तू."

त्यांनी आसनाखाली हात घातला. बोटांना आपली शिवण लागली, दगडासारखी घट्ट. इतकी सुरेख शिवण त्यांनी क्वचितच घातली असेल. त्यांनी पात्याने पट्टाच कापून टाकला, म्हणजे ही गाडी नवा पट्टा बसवल्याशिवाय कुणी चालवणार नाही. लेक डोळे विस्फारून बघत होती. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज दोनदा फुटला. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "अशा किती गाड्या, बाबा?"

कपाटात फक्त या घड्यांसाठी ठेवलेल्या जाड दोऱ्याच्या छोट्या रिळांचा खोका होता. एका गाडीला एक रीळ लागे. बारांपैकी एकच उरलं होतं.

दोघं चालत निघाले आणि सुनावणीला वीस मिनिटं उशिरा पोचले. अधिकारीबाई टेबलावरच्या फायलींतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "उशीर का?"

"गाडीला पट्टा नव्हता, म्हणून चालत आलो."

बाईंनी वर पाहिलं. चेष्टा चालली आहे असं त्यांना वाटलं असावं. "पावतीबद्दल काय म्हणणं आहे?"

"ती पावती मान्य. दंड घ्या. दुसरं काम आहे." मास्तरांनी चष्मेवाल्यांचा पट्टा टेबलावर ठेवला, ओळी दाखवल्या, चिंधी दाखवली आणि आपण काय केलं तेही सांगितलं. "लेकीची गाडी सोडून अजून दहा गाड्या रस्त्यावर आहेत, बाई. त्यांना अडवायला हवं."

बाईंनी त्या चिंधीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी कोरा कागद ओढला. "नंबर सांगा."

"नंबर मी ठेवत नाही. आसनं सांगतो. करड्या रंगाचं कातडं, कडेला तांबडी शिलाई. ती लांब गाडी आहे. दुसरी पांढरी, मागच्या आसनावर मुलाने पेनने घोडा काढलेला. मी तो पुसला नव्हता."

डोळे मिटून ते एकेक सांगत गेले आणि बाई लिहीत गेल्या. मध्येच त्या थांबल्या. "ही सूचना सगळ्या चौकांत लागेल. खाली तुमचं नाव घालावं लागेल. लोक दुकानात पाऊल ठेवायचे नाहीत."

लेकीने बापाकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "घाला. मोठ्या अक्षरात घाला, लांबून वाचता आलं पाहिजे."

सातवी झाली, आठवी झाली, नववी झाली. दहाव्या गाडीपाशी मास्तर अडले. कपाळ चोळलं. रंग आठवेना, कापड आठवेना, माणूस तर नाहीच. लेकीने दोन-तीन नावं सुचवली. तीही नव्हती.

"आठवत नाही," ते म्हणाले. "एक राहिलीच."

"मग काय करायचं?" बाईंनी विचारलं.

खिडकीखालून गाड्या चालल्या होत्या, एकामागून एक, प्रत्येकीत कुणी ना कुणी बसलेलं. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"सगळ्याच अडवा," ते म्हणाले.