होयबाचा नकार

इस्पितळाच्या लाँड्रीत आम्ही नणंद-भावजय एकाच रोलरवर आहोत, हे ऐकून लोक हसतात. हसू देत. इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये ओली चादर घालायची तर दोन टोकांना दोघी लागतात, आणि दोघींचे हात एकाच वेळी सुटावे लागतात. मंगळवारी दुपारी चादर तिरकी आत गेली. नणंदेला चार शब्द सुनवायला वळले, तर ती जमिनीवर पडलेली, डोळे फिरवून.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. थोडक्यात वाचली, पुन्हा झालं तर सांगता येत नाही. उन्हाळा पूर्वी पाहुणा होता, आता घरजावई झालाय. दर वर्षी आधी येतो आणि हलायचं नाव घेत नाही. आम्ही मॅनेजरांकडे एकच मागितलं, दुपारची पाळी पहाटे न्या. त्यांनी काय करावं? ‘बदलतं हवामान आणि आपल्या भावना’ यावर उत्स्फूर्त नाटकाचं शिबिर ठेवलं! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि नणंद सोमवारी पुन्हा दुपारी उभी राहायला तयार. तिला कशालाच नाही म्हणता येत नाही. लाँड्रीत तिचं नावच होयबा.

शनिवारी जेवणाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या. नाटकवाली वयानं माझ्या लेकीएवढी, पण डोळ्यांत बघून बोलणारी. नियम एकच, ती म्हणाली. समोरची जे म्हणेल ते नाकारायचं नाही, ‘हो, आणि’ म्हणून पुढं न्यायचं. मॅनेजर हाताची घडी घालून कौतुकानं बघत बसले होते.

मला तिनं ऊन केलं. नणंदेला म्हणाली, “तुम्ही तुम्हीच राहा.”

माझं डोकं आधीच तापलेलं होतं, वेगळा अभिनय करावा लागला नाही.

“मी आले,” मी म्हटलं. “खिडक्या बंद आहेत.”

“हो, आणि मी चादर लावतेय.” नणंदेनं हवेतच दोन टोकं धरली.

“उद्या आणखी वाढेन.”

“हो, आणि मी मानेवर ओला रुमाल ठेवेन.”

“परवा रुमालही वाळवेन.”

“हो, आणि मी दोन रुमाल आणेन.”

बायका खो खो हसल्या. मला मात्र रडू यायला लागलं. खोटं कशाला सांगू, मंगळवारपासून मला झोप नव्हती. ही गेली तर मी घरी काय तोंड दाखवू, आणि हिच्याशिवाय भांडू कुणाशी?

“मंगळवारी तुला खाली पाडेन,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. “आणि मी... उठेन.”

“पुढच्या वेळी उठू देणार नाही.”

आता कुणी हसलं नाही. नणंद माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हात खाली सोडले.

“नाही,” ती म्हणाली.

“ताई, नियम...” नाटकवाली हळूच म्हणाली.

“नियम राहू दे गं तुझा. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतेय, मला म्हणू दे.” ती मॅनेजरांकडे वळली. “साहेब, सोमवारपासून दुपारी मी रोलरला हात लावणार नाही. पहाटे बोलवा, सगळ्या चादरी उरकून जाईन.”

“वा! छान वठवलंत हं,” साहेब हसले.

“नाटक मघाशीच संपलं, साहेब.”

साहेबांचं हसू मावळलं. “मग लेखी द्या. सहीनिशी. पुढं काय होईल ते तुमचं तुम्ही बघा.”

ही धमकी होती, आणि एरवी एवढ्यावर आम्ही सगळ्या मूग गिळून बसलो असतो. पण नणंदेनं नाटकवालीकडून कागद-पेन मागून घेतलं, लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “दुपारी काम करणार नाही. कारण मला मरायचं नाही.” खाली सही ठोकली. तिच्याखाली मी केली. मग धुलाईवाल्या उठल्या, त्यांच्यामागून घड्या घालणाऱ्या. एकीनं तर खाली जागा उरली नाही म्हणून कागदाच्या कडेला उभी सही केली.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला.

“एवढ्या सगळ्या? मग सोमवारी दुपारी मी करू काय?”

“ते तुमचं तुम्ही बघा,” नणंद म्हणाली.